माडीवरची सागवानी तक्तपोशी : स्टेन लावल्यावर भिंतीकडेने उमटलेला काळपट पट्टा

जुनी माडी (धागालेखक), १६ नोव्हेंबर

नमस्कार. पुण्याच्या शनिवार पेठेतील आमच्या राहत्या घराच्या माडीवर, रस्त्याच्या अंगाला, १२ फूट रुंद आणि १८ फूट लांब असा दिवाणखाना आहे. पेठेतल्या बहुतेक जुन्या घरांत माडीची जमीन म्हणजे कडीपाटावर घातलेली माती आणि तिच्यावर शहाबादी फरशी; आमच्या पणजोबांनी मात्र या एका खोलीला सागवानी फळ्यांची तक्तपोशी करून घेतली होती. फळ्या सात ते नऊ इंच रुंद आणि सव्वा इंच जाड असून, हाताने घडवलेल्या चौकोनी डोक्याच्या लोखंडी खिळ्यांनी त्या कड्यांवर बसवलेल्या आहेत. माझ्या लहानपणी त्यांच्यावर आधी जाजम आणि नंतर मेणकापड अंथरलेले असे, त्यामुळे खाली कसले लाकूड आहे हे आम्हा भावंडांना ठाऊकच नव्हते.

या वर्षी मेणकापड काढले, तेव्हा दारापासून खिडकीपर्यंतच्या वाटेवरचे पॉलिश पूर्ण झिजलेले आढळले, खिळ्यांभोवती काळे डाग होते आणि खिडकीखालच्या चार फळ्या पावसाच्या झडीने कडेला उचलल्या गेल्या होत्या. दसऱ्यानंतर एका कारागिराकडे काम सोपवले. त्याने मधला भाग बेल्ट सँडरने (घासपेपरचा पट्टा फिरवणाऱ्या यंत्राने) आणि भिंतीकडेचा भाग ग्राइंडरला चकती लावून घासला. तीन दिवसांत सगळी जमीन फिकट आणि स्वच्छ दिसू लागली, म्हणून आम्ही समाधानाने अक्रोडी रंगाच्या स्टेनला (लाकूड रंगवण्याच्या पातळ द्रवाला) होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आल्यावर जे दिसले ते येथे विचारावेसे वाटते. चारही भिंतींच्या कडेने वीतभर रुंदीचा काळपट पट्टा उमटला आहे, जणू एखाद्या तसबिरीला चौकट केली असावी, आणि मधला भाग त्या मानाने बराच फिकट राहिला आहे. गुडघे टेकून पाहिल्यावर त्या पट्ट्यात चंद्रकोरीसारखे बारीक ओरखडे एकावर एक पडलेले दिसतात आणि ते लाकडाच्या रेषांना आडवे जातात. पॉलिशचे तीन हात चढले की हे सगळे झाकले जाईल, असे कारागिराचे म्हणणे होते. मला ते पटले नाही आणि मी काम थांबवले. हा पट्टा कशामुळे आला, संपूर्ण जमीन पुन्हा न घासता तो जाईल का, आणि सागवानाला मुळात स्टेनची गरज आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिसरा मजला, १६ नोव्हेंबर

जुन्या घरांच्या भिंती माती-चुन्याच्या असतात आणि पावसाळ्यात ओल धरतात. कडेच्या फळ्यांत ती ओल शिल्लक राहिल्यामुळे रंग जास्त शोषला गेला असावा. दुसरी शक्यता अशी की कडेने कोणी चालत नाही, त्यामुळे तेथे जुने तेल-पॉलिश अधिक मुरलेले असते. माझ्या मते मधल्या भागाला स्टेनचा आणखी एक हात देऊन सगळे एकसारखे गडद करणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग ठरेल.

रंधा, १६ नोव्हेंबर

आमच्या घरात दोन पिढ्या सुतारकाम आणि पॉलिशकाम चालत आले आहे, म्हणून उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारतो. मधल्या भागावर शेवटचा पेपर किती नंबरचा फिरला (नंबर जितका लहान, तितका पेपर खरखरीत)? कडेला ग्राइंडरवर किती नंबरची चकती होती? आणि स्टेन लावण्याआधी कडेचा भाग हाताने, रेषेच्या दिशेने, एकदा तरी घासला गेला का? कारागिराच्या सांगण्यावर जाऊ नका. उरलेल्या पेपरांच्या आणि चकत्यांच्या पाठीवर नंबर छापलेला असतो, तो स्वतः पाहून लिहा.

जुनी माडी, १७ नोव्हेंबर

रंधाकाका, कचऱ्याची गोणी जिन्याखालीच होती, ती उपसून पाहिली. बेल्टचे तुकडे ६०, ८० आणि १२० नंबरचे निघाले. ग्राइंडरच्या पाच चकत्या मिळाल्या आणि पाचही ६० नंबरच्या आहेत. कडेला हाताने घासल्याचे घरात कोणी पाहिलेले नाही.

रंधा, १७ नोव्हेंबर

मग ओलीचा किंवा जुन्या तेलाचा यात दोष नाही. स्टेनमधला रंगाचा कण लाकडाच्या पृष्ठभागावर जेथे खाच मिळेल तेथे बसतो. ६० नंबरच्या चकतीने पाडलेली खाच रुंद आणि खोल असते, त्यामुळे पुसून घेतल्यावरही तिच्यात रंग भरून राहतो. १२० नंबरच्या पेपरने गुळगुळीत केलेल्या भागात त्याला बसायला जागाच कमी मिळते. एकाच झाडाची, एकाच फळीची दोन टोके अशी वेगवेगळी घासली तर त्यांचा रंग दोन वेगळ्या लाकडांसारखा दिसतो. चकती गोल फिरते आणि रेषा आडव्या कापते, म्हणून तुम्हाला चंद्रकोरी दिसल्या. कोरे लाकूड फिकट असते, त्यावर या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, पण स्टेन त्या प्रत्येक खुणेत भरतो आणि उघड्या करतो. वरून पारदर्शक पॉलिश चढवल्याने त्या झाकल्या जात नाहीत, उलट चकाकी आल्यावर अधिक उठून दिसतात. काम थांबवले हे तुम्ही योग्य केले.

आता दुरुस्ती. ग्राइंडर घरातून बाहेर काढा, त्याला पुन्हा हात लावू देऊ नका. कडेचा वीतभर पट्टा पोलादी पातीने, रेषेच्या दिशेने, दोन्ही हातांनी पाती किंचित वाकवून खरवडा. माझे वडील या कामाला फुटलेल्या काचेच्या ताज्या कडेचा तुकडा वापरत आणि त्याने निघणारी ढलपी कांद्याच्या सालीसारखी पातळ निघे. मात्र काचेने हात कापतो, म्हणून सवय नसलेल्यांनी पातीच वापरावी. चंद्रकोरी नाहीशा होईपर्यंत खरवडल्यावर लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून ८०, मग १०० आणि शेवटी १२० नंबरने हात फिरवा. कोपऱ्यात यंत्र पोहोचत नाही, तेथे हातच लागतो, आणि ज्या जमिनीच्या कोपऱ्यांत हात लागलेला असतो ती ओळखू येते.

मधल्या भागावरचा स्टेन वरवरचा आहे, तो १०० नंबरने निघू लागेल. तेथे पुन्हा ६० नंबरकडे जाऊ नका. प्रत्येक वेळी मोठ्या यंत्राखाली फळीचा अर्धा ते एक मिलिमीटर जातो, आणि तो कोणी परत आणून देत नाही. कामाला पुरेल एवढ्या बारीक पेपरने सुरुवात करायची आणि मग मधला एकही मोठा टप्पा न गाळता वर जायचे, एवढाच नियम आहे. यंत्र सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खिळ्याचे डोके पंच लावून तीन मिलिमीटर आत ठोका. चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवला, तर लांबीखाली (भोके-फटी बुजवण्याच्या लगद्याखाली) दडलेले खिळेही सापडतात.

स्टेनविषयी माझे मत स्पष्ट आहे. सागवानाच्या गाभ्याला स्वतःचा रंग असतो आणि तो उजेडात पक्का होतो. ताजे घासलेले साग पट्ट्यापट्ट्यांचे, काही ठिकाणी मळकट हिरवट दिसते आणि ते पाहून लोक घाबरून स्टेनचा डबा आणतात. तेच लाकूड पंधरा दिवस उजेडात राहिले की सोनेरी तपकिरी होऊ लागते. घासून झाल्यावर जमिनीवर एक वही ठेवा आणि पंधरा दिवसांनी उचला, म्हणजे मी काय म्हणतो ते वहीच सांगेल. स्टेनचा उपयोग मी तेथेच मानतो, जेथे मोडक्या फळीच्या जागी नवी फळी घातली आहे आणि ती जुन्यांत मिसळायची आहे, किंवा फळीच्या कडेला झाडाच्या बाहेरच्या भागाचे पांढरे लाकूड आले आहे.

पारिजात, १८ नोव्हेंबर

रंधाकाकांच्या निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, कारण सहकारनगरला येण्यापूर्वी माहेरच्या घरी मी हीच चूक माझ्या हाताने केली होती. तिथे मला उपयोगी पडलेली एक गोष्ट जोडते. स्टेन लावायचाच असेल, तर शेवटच्या पेपरनंतर संपूर्ण जमीन झाडून, स्वच्छ पिळलेल्या ओल्या फडक्याने एकसारखी पुसून घ्यावी आणि पूर्ण वाळू द्यावी. पाण्याने लाकडाचे तंतू सर्वत्र सारखे उभे राहतात आणि रंग अधिक एकसमान बसतो. त्यानंतर खोलीत कपाटाखाली येणाऱ्या जागी हातभर लांबीचा नमुना करून पाहावा. दुकानातल्या पत्रकावरचा रंग सागवानावर तसाच कधीही उतरत नाही, कारण सागाचा पिवळेपणा त्यात मिसळतो.

फळ्यांमधल्या फटींबद्दलही आत्ताच सांगून ठेवते, कारण घासून झाल्यावर प्रत्येक जण फटी बुजवायला जातो. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरलेली लांबी वाळल्यावर स्टेन घेत नाही आणि जमिनीवर पांढुरक्या रेघा दिसतात. त्याऐवजी त्याच जमिनीचा बारीक भुसा लाखेच्या पॉलिशमध्ये कालवला तर रंग बराच जुळतो, पण हे खिळ्यांची भोके आणि छोट्या टवक्यांपुरतेच ठेवावे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की फळ्या आखडतात आणि फटीत रुपयाचे नाणे उभे राहते. त्याच फळ्या जुलैमध्ये फुगून एकमेकींना भिडतात. मधे घट्ट लांबी असेल, तर ती एकतर बाहेर ढकलली जाते, नाहीतर फळीच्या कडा दाबून ती उचलते. फारच रुंद फट असेल तर सागाची पातळ पट्टी तासून ती एकाच बाजूच्या फळीला चिकटवावी आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी.

नदीकाठ, १८ नोव्हेंबर

खिडकीखालच्या उचललेल्या चार फळ्यांबद्दल कोणीच काही लिहिले नाही, म्हणून लिहितो. आमचे घर नारायण पेठेत मुठेच्या बाजूला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा खालच्या मजल्यावर पाणी शिरले होते आणि खांबावरची पाण्याची रेघ आजोबांनी मुद्दाम पुसू दिली नाही. त्या वेळी माजघरातल्या लाकडी चौथऱ्याच्या फळ्या होडीसारख्या वाकल्या होत्या. त्या लगेच रंधून सपाट कराव्यात असे सगळ्यांचे म्हणणे पडले, परंतु आमच्या घरच्या सुतारांनी त्या सोडवून, मधे बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून, ओसरीत सावलीला एकावर एक रचून ठेवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात लावला नाही. बहुतेक फळ्या आपोआप सरळ झाल्या. आजोबा हे सांगताना सुतारांनी दिलेले कारणही सांगत असत.

ते कारण तुमच्या फळ्यांनाही लागू पडते. फळीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी असली की खालची बाजू फुगते आणि कडा वर उचलल्या जातात. अशा अवस्थेत त्या कडा यंत्राने कापून फळी सपाट केली, तर काही महिन्यांनी खालची बाजू वाळल्यावर फळी आपल्या मूळ आकाराकडे परत जाते आणि आता कडा पातळ झालेल्या असल्यामुळे मधोमध फुगवटा येतो. तो पुन्हा घासायचा म्हणजे आणखी लाकूड घालवायचे. म्हणून आधी पावसाचे पाणी कोठून येते ते बंद करा, फळ्यांना एक पूर्ण कोरडा हंगाम द्या, आणि तोवर त्या चार फळ्यांना केवळ हाताने हलके घासून एक-दोन हात पॉलिश द्या. शिवाय खालून, म्हणजे तळमजल्यावरून वर पाहून, कडीचे भिंतीत गेलेले टोक आरीने (टोकदार टोच्याने) टोचून पाहा. आरी लोण्यात शिरावी तशी आत गेली, तर वाळवी किंवा कूज आहे असे समजून पॉलिशचा विचार बाजूला ठेवावा आणि आधी कडीकडे पाहावे.

जुनी माडी, १९ नोव्हेंबर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. आज खालच्या खोलीत शिडी लावून बाराही कड्यांची टोके टोचून पाहिली. खिडकीकडच्या एका कडीला वरवर अर्धा इंच मऊपणा आहे, बाकीच्या खणखणीत आहेत. पाणी खिडकीच्या चौकटीखालच्या फटीतून येत होते, ती फट बुजवून घेतली आहे. कडेच्या पट्ट्याचे खरवडणे मी आणि माझी बहीण मिळून उद्यापासून सुरू करत आहोत. खिळ्यांभोवतीच्या काळ्या डागांचे काय करावे आणि शेवटी पॉलिश कोणते द्यावे, एवढे दोन प्रश्न उरले आहेत. घरात दोन लहान मुले आहेत आणि दिवाणखान्यात रोजची वर्दळ असते.

पारिजात, १९ नोव्हेंबर

मुले आहेत असे लिहिलेत म्हणून पॉलिशच्या आधी धुळीचे सांगते. खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीच्या तळाची लाकडी पट्टी यांच्यावर जुना तैलरंग असेल, तर त्यात शिसे असण्याची शक्यता धरून चालावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाचा थर यंत्राने कोरडा घासणे म्हणजे ते शिसे घरभर उडवणे होय. तो भाग ओला करून हाताने खरवडावा आणि कचरा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. लाकडाची बारीक धूळ स्वतःही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तिला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. एन ९५ मास्क तुम्ही दोघांनीही बांधावा, दारांना ओल्या चादरी लावाव्यात आणि काम चालू असेपर्यंत मुलांना वर येऊ देऊ नये.

रंधा, २० नोव्हेंबर

खिळ्यांभोवतीचा काळा डाग म्हणजे लोखंड, ओल आणि लाकडातला तुरट अंश यांचा संयोग आहे. बोहरी आळीत ऑक्झॅलिक ॲसिडचे खडे मिळतात. ते कोमट पाण्यात विरघळवून, हातमोजे घालून, ब्रशने फक्त डागावर लावावे, अर्धा तास ठेवावे आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीन वेळा पुसून काढावे. ते विषारी आहे, आणि नीट न पुसता वाळू दिले तर पुढे घासताना त्याची भुकटी नाका-घशात जाऊन झोंबते. स्टेन काढायला मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही.

पॉलिश कोणते, यावर मी लाखेच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. तुमच्या जमिनीवर मूळचे पॉलिश बहुधा लाखेचेच असावे. कपाटामागच्या न घासलेल्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर ठेवून पाहा, चिकट झाले तर ती लाखच. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरच्या किड्यांपासून मिळणारा हा चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळतो आणि स्पिरिट उडून गेल्यावर लाकडावर इतका पातळ थर ठेवतो की हाताला लाकूडच लागते. त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे दुरुस्ती. दहा वर्षांनी दारापाशी झिजले, तर तेवढ्याच जागी नवा हात द्यायचा. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एक होते आणि जोड दिसत नाही. बाकीच्या बहुतेक कडक पॉलिशना हे जमत नाही, तेथे ठिगळ दिसते आणि शेवटी सगळी जमीन पुन्हा यंत्राखाली जाते.

पारिजात, २० नोव्हेंबर

रंधाकाका, आपल्या अनुभवाचा मान राखून येथे मी वेगळे मत मांडते. लाखेच्या जमिनीवर गरम चहाचा पेला टेकला तरी पांढरे कडे उमटते, पाणी सांडून तासभर राहिले तरी उमटते, आणि पावसाळ्यात लावली तर हवेतल्या दमटपणाने सगळा थरच दुधाळ होतो. जाजमाखाली झाकलेल्या आणि सणावारी वापरल्या जाणाऱ्या दिवाणखान्याला ते चालत असे. येथे दोन मुले खुर्च्या ओढणार आहेत. अशा खोलीला मी पॉलियुरेथेनच (कडक, पारदर्शक वार्निश) सुचवीन, तेही चकचकीत न घेता मॅट, म्हणजे ओरखडे कमी दिसतील आणि लाकूड प्लॅस्टिकच्या पत्र्यासारखे दिसणार नाही. फर्निचरवरचे मेलामाइन पॉलिश जमिनीला देऊ नये, कारण फळ्या ऋतूप्रमाणे हलतात आणि तो कडक थर सांध्यांवर तडकतो.

एक गोष्ट मात्र नीट सांभाळावी लागते. सागात नैसर्गिक तेल असते आणि त्यामुळे पॉलियुरेथेन काही ठिकाणी दिवसेंदिवस ओलसर राहते. माझ्या माहेरी खिडकीजवळच्या तीन फळ्या आठवडाभर चिकटत होत्या आणि शेवटी तो थर खरवडून काढावा लागला. पॉलिश लावण्याच्या अगदी आधी, त्याच दिवशी, थिनरच्या फडक्याने फळ्या पुसून वरचे तेल काढून घ्यावे.

रंधा, २० नोव्हेंबर

पारिजातताई, मुलांच्या वर्दळीचा मुद्दा मला मान्य आहे. मग दोन्हींचा मेळ असा घालता येईल. खाली लाखेचा एक पातळ हात द्यावा, तो सागाचे तेल आत अडवून धरतो आणि वरचे पॉलियुरेथेन वेळेवर वाळते. पण त्यासाठी मेण काढलेलीच लाख हवी, कारण साध्या चपड्यातल्या मेणावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. मेणविरहित चपडा मिळाला नाही, तर घरीच करता येतो. काचेच्या बरणीत एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा विरघळवा आणि चार-पाच दिवस अजिबात न हलवता ठेवा. तळाशी दुधी गढूळ थर बसेल आणि वर चहाच्या कोऱ्या अर्कासारखे स्वच्छ द्रव राहील. फक्त तेच वरच्यावर काढून घ्यावे, शेवटच्या दोन बोटांचा मोह करू नये.

पारिजात, २० नोव्हेंबर

ही तोड मला पूर्ण पटली. आता फडक्यांविषयी. जवसाच्या तेलावर आधारलेले पॉलिश किंवा स्टेन पुसलेली फडकी गोळा करून पिशवीत किंवा कोपऱ्यात कधीही ठेवू नयेत. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण करते, आणि ढिगात ती बाहेर पडू न शकल्याने फडके आपोआप पेट घेते. मी एकदा अशी सहा-सात फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीच्या दाराशी ठेवली होती आणि तासाभराने पिशवी उचलली तेव्हा नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी ती हाताला गरम लागली. पेठेतल्या लाकडी घरात हा धोका किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. प्रत्येक फडके गच्चीवर सुटे पसरून वाळवावे, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावे. मागच्या आठवड्यात वापरलेली स्टेनची फडकी आत्ता कोठे आहेत, ते कृपया आजच पाहा.

जुनी माडी, २० नोव्हेंबर

पाहिले. जिन्याखालच्या त्याच गोणीत, लाकडाच्या भुशात मिसळून पडली होती. वाळून कडक झाली होती आणि थंड होती, तरी गोणी लगेच अंगणात नेऊन पाण्याने भिजवली. ताई, आपण आवर्जून विचारलेत यासाठी आईने स्वतः आपले आभार मानायला सांगितले आहे.

तिसरा मजला, २१ नोव्हेंबर

सगळे गडद करून टाकण्याचा माझा सल्ला चुकीचा होता हे मान्य करतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी नेमके तेच केले होते आणि त्या गडद रंगावर आज प्रत्येक धुळीचा कण दिसतो.

जुनी माडी, ४ जानेवारी

उशिराने, पण सविस्तर कळवतो; छायाचित्रही जोडले आहे. कडेचा पट्टा खरवडायला आम्हा दोघांना अकरा दिवस लागले, कारण नोकरीवरून आल्यावर रोज दोन तासच मिळत. पहिल्या दिवशी हातभर पट्टाच झाला. पाती कोणत्या कोनात धरली की धूळ न निघता ढलपी निघते हे कळल्यावर वेग वाढला. खिडकीतून येणारे तिरपे ऊन हेच आमचे खरे परीक्षक होते. रात्री ट्यूबलाइटखाली निर्दोष वाटलेला तुकडा सकाळी आठ वाजता पाहिला की राहिलेल्या चंद्रकोरी दिसत, म्हणून पुढे आम्ही विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडव्या उजेडात तपासू लागलो.

मधला भाग १०० आणि १२० नंबरने घासल्यावर अक्रोडी रंग जवळजवळ सगळा गेला. काही फळ्यांच्या मऊ रेषांत तो किंचित राहिला आहे, पण त्यासाठी आणखी लाकूड घालवायचे नाही असे आम्ही ठरवले. ऑक्झॅलिक ॲसिडने खिळ्यांचे डाग काळ्याचे राखी झाले, तेवढ्यावर थांबलो. रंधाकाकांनी सांगितल्याप्रमाणे एक वही ठेवून पंधरा दिवसांनी उचलली. वहीखालचा आयत मळकट हिरवट राहिला होता आणि भोवतालची जमीन उसाच्या काकवीसारखी सोनेरी तपकिरी झाली होती. त्या दिवशी घरातल्या कोणालाही स्टेनचे नाव काढावेसे वाटले नाही. वही तेथून काढली आणि हळूहळू तो आयतही भोवतालात मिसळत आला.

भिंतीच्या तळाच्या पट्टीचा जुना रंग ओला करून काढला. बरणीत निथळलेल्या लाखेचा एक हात दिला आणि त्यावर मॅट पॉलियुरेथेनचे तीन हात. प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबून २२० नंबरच्या पेपरने हलके घासले आणि धूळ टिपून घेतली. २१६ चौरस फुटांना तीन हातांत सहा लिटरला थोडे कमी लागले. एकही फळी चिकट राहिली नाही. दोन दिवसांनी मोजे घालून चाललो, आठवड्याने खुर्च्या आणल्या, त्यांच्या पायांना जाड लोकरी कापडाच्या चकत्या लावल्या. जाजम मात्र अजून महिनाभर अंथरणार नाही.

रंधा, ५ जानेवारी

छायाचित्र मोठे करून कोपरे पाहिले. उत्तम झाले आहे. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

नदीकाठ, ५ जानेवारी

मऊ निघालेल्या कडीचे काय केलेत?

जुनी माडी, ५ जानेवारी

मऊ भाग पटाशीने काढून, वाळवीचे औषध पाजून, कडीच्या दोन्ही बाजूंना सागाच्या पाट्या बोल्टने आवळल्या आहेत. त्या कामाला माहितगार सुतारच बोलावला होता.

जुनी माडी, २७ जुलै

पाऊस महिनाभर लागून आहे, म्हणून धागा पुन्हा वर आणतो. मे महिन्यात ज्या फटींत नाणे उभे राहत होते, त्यांत आता पोस्टकार्डही शिरत नाही आणि आम्ही त्या बुजवल्या नाहीत याचे समाधान आहे. खिडकीखालच्या चारपैकी दोन फळ्या उन्हाळ्यात पूर्ण सपाट झाल्या आणि या पावसातही तशाच राहिल्या. उरलेल्या दोन अजून कडेला नखाच्या जाडीएवढ्या उचललेल्या आहेत. खिडकीतून पाणी येत नाही हे रोज रात्री हात फिरवून पाहतो. त्या दोघींना डिसेंबरपर्यंत हात लावणार नाही.